निदानरेषा

गुडघा माझा होता.
हे कोर्टात कुणी नाकारत नाही, मीही नाही.
डावा कोपरा, सात नंबर.
माझगाव कोर्टाच्या चौथ्या मजल्यावर
पंख्याखाली उभं राहून मी शपथेवर सांगितलं,
तेव्हा टायपिस्टने 'गुडघा' टाइप करताना
एकदा माझ्या पँटीकडे बघितलं.

नायगावचं मैदान, रात्रीचे सव्वाअकरा.
मॅटखाली सिमेंट होतं का? होतं.
डॉक्टर होता का? बॅनरवर होता.
रुग्णवाहिका होती,
तिच्यात ट्रॉफ्या ठेवलेल्या, धूळ बसू नये म्हणून.

मंडळाचे वकील अर्ज दाखवतात:
'मी माझ्या जबाबदारीवर खेळत आहे.'
खाली सही, रोशन कुळये, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट.
तो रोशन मागच्या बाकावर
शर्टाचं एकच बटण लावतोय, काढतोय, लावतोय.
आता त्याच्या वतीने सगळीकडे बहिणीची सही.
कायद्यात तिला वादमित्र म्हणतात.
त्या रात्री असा कुणी मित्र
मैदानात नव्हता.

कंपनी म्हणते, आम्ही फक्त टी-शर्ट दिले.
पंच म्हणतात, माझं काम शिट्टी.
असोसिएशन म्हणते, ही स्पर्धा आमच्याकडे नोंदलेलीच नाही.
जबाबदारी चढाईला आली
की सगळे साखळी सोडून
मागच्या रेषेला जाऊन उभे.

न्यायाधीशांनी विचारलं, निदानरेषा म्हणजे?
म्हटलं, साहेब, चढाईला आलेल्याने
निदान एवढं तरी आत यायचं, अशी रेषा.
त्यांनी लिहून घेतलं.
केईएमच्या निदानाचा कागद त्याच फायलीत होता,
चौदा पानं मागे.

पहिला मार माझा नव्हता.
पहिल्या डावात त्याचं डोकं
त्याच्याच कोपरारक्षकावर आपटलं. बसला खाली.
कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला,
'वाघ आहेस रे' म्हणत उठवला.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मध्यंतरानंतर तो आमच्या अंगणात आला,
दम चालू, पाय मात्र कुणाचे तरी उसने.
माझ्यासमोर वाकला
आणि त्याच श्वासात, दम न तोडता, हळूच
कबड्डी कबड्डी आपलं अंगण कुठलं कबड्डी कबड्डी

मला वाटलं, हूल आहे.
मी हसलो.
आणि पकड केली.

अडीच तास उलटतपासणी चालली.
गुडघ्याचा कोन, मॅटची जाडी, दिवे किती वॅटचे.
तो काय म्हणाला, हे कुणी विचारलं नाही.
साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगायचं असतं.
मी तेवढंच सांगितलं.

खाली जिन्यापाशी बहिणीने डबा उघडला होता.
रोशनने मला बघून
अर्धी पोळी पुढे केली,
आपल्याच संघातला समजून.

मी घेतली.
मग परत वर गेलो, चार मजले, लिफ्ट बंद.
दारात शिपाई म्हणाला,
तुमची साक्ष संपली ना?
सही केलीत ना खाली?