नळाआधी हवा येते

अकरावा दिवस होता.
जालन्यात तारीख भिंतीवर नसते,
ती पिंपाच्या आत असते.
हात घातला की कळते:
कोपरापर्यंत, मनगटापर्यंत,
मग नुसती बोटं ओली.

नळ मी उघडाच ठेवते.
कोरड्या नळाखाली बादली कशाला, एस्तेरबाई?
शेजारणी हसतात.
मी म्हणते, पाणी काही निरोप धाडून येत नाही.
आधी हवा येते, दमेकऱ्याच्या छातीतून यावी तशी,
मग गंजाचा एक लाल घोट,
मग ते.

तुझंही असंच आहे का रे, बापा?

शांतवनच्या अर्जाला चार वर्षं झाली.
हे गेले, त्यांच्या जागी पोराला घ्यावं
म्हणून जिल्हा परिषदेत एक यादी असते,
तिचं नाव अनुकंपा.
आमचा नंबर सतरावा.
मागच्या वर्षी एकोणिसावा होता.
वर्षभरात दोन पावलं चालली दया.
पाळकसाहेब म्हणाले, बाई,
सरकारची अनुकंपा वेगळी, देवाची वेगळी.
असेल.
पण दोन्ही खिडक्यांपुढे
मी तीच पिशवी घेऊन उभी राहते,
आतले कागदही तेच.

त्या शनिवारी मी तुला स्पष्ट सांगितलं होतं:
उद्या प्रभुभोजन आहे, पांढरी साडी धुवायचीय,
संध्याकाळी पाणी दे. एवढंच.
नाही दिलंस.
तीच साडी नेसून गेले, काखेत घामाचे डाग,
भाकर जिभेवर विरेपर्यंत
तुझ्यावर रुसून बसले.
पेला पुढे आला तेव्हा मात्र
खाली पाहिलं.

आणि सोमवारी, रात्री पावणेतीनला,
नळ खोकला.

पदर खोचून उठले. बादली, पिंप, कळशी.
तिसरा हंडा भरत होता
तेव्हा पत्र्यापलीकडून आवाज आला.
नळाचा नव्हता.
बत्तीस वर्षं मिशन हॉस्पिटलात तो ऐकलाय,
झोपेत मात्र ऐकू आला नसता.
मुंजाजीची सून. आठवा महिना सरत आलेला.
नवरा ट्रक घेऊन नांदेडकडे,
मुंजाजी दोन्ही कानांनी बहिरा.
ओठात पदर कोंबून बसली होती पोरगी,
कुणाची झोप मोडू नये म्हणून.

पुढचं हातांनी केलं, मी फक्त सोबत होते.
पाणी होतं. तापवायला, धुवायला, पुन्हा धुवायला.
मुलगी. तळहातावर तोलली,
दोन किलोला थोडी कमी,
पण रडली अशी की मुंजाजीसुद्धा उठून बसला.
अँब्युलन्स आली तेव्हा तांबडं फुटलं होतं.

आता मंडळीत म्हणतात, साक्ष द्या.
कशी देऊ?
गफूरभाईला विचारलं,
व्हॉल्व्ह असा आडवेळी कामून सोडला रे?
म्हणाला, सासऱ्याची मय्यत होती, मामी, परभणीला.
लाईन तुमची शनिवारचीच होती.
रातच्या गाडीनं उतरलो
अन् घरी न जाता आधी चावी फिरवली.

म्हणजे एका घरी मय्यत,
एका घरी बाळ,
मधे माझा नळ.
यातलं तू काय ठरवलंस,
काय नुसतं होऊ दिलंस,
मला जुळवता येत नाही.
जुळवून उभी राहिले वेदीपुढे
तर गफूरभाईच्या बायकोला काय सांगू?
तिच्यासाठी वेगळी प्रार्थना केली,
तिच्या बापाचं नाव घेऊन.
साडी धुतली.

आज पुन्हा तिसरा दिवस.
यादीत आमचा नंबर सतरावाच.
काल रात्री शांतवन कूस बदलत म्हणाला,
आई, नळ बंद कर ना,
पाइपात वारा घुमतो, झोप लागत नाही.

घुमतोय ना? म्हटलं.
मग झोप.