उपशीर्षकं

हॅरोगेटच्या परिषदेत, माझ्या पाठीमागे
मी बोलेन तसं उमटत होतं सगळं, पडदाभर.
"मी वैजयंती," म्हणाले.
पडद्यावर: व्हाय जायंट टी.
हसू मागच्या रांगेतून पुढे सरकत आलं
तेव्हा कुठे मी वळून पाहिलं.

मग अपूर्णांक, टॅब्लेट, आलेख, सरासरी,
ठरलेली वीस मिनिटं.
डेक्लनचं सांगायचं नव्हतं खरं तर.

ब्रॅडफर्डला, सातवीत, खिडकीजवळ.
ऐकू येत नाही. हेच यंत्र त्याच्यासाठी आणलेलं
आणि पहिल्याच तासाला त्यानं ते
बाकावर पालथं घातलं.
माझ्या ओठांकडे बघत राहिला.
'व' म्हणताना खालचा ओठ
दातांशी जरासा टेकतो,
हे मला पन्नाशीत कळलं, त्याच्यामुळे.

आठवडाभर एक हात स्वतःच्या गळ्यावर,
नाव जुळवत होता.
शुक्रवारी, घंटा झाल्यावर, दारातून म्हणाला.
घोगरं, मधेच तुटलेलं,
चारही अक्षरं जागच्या जागी.
आई गेल्यापासून
इतकं पुरतं कुणी हाकारलं नव्हतं.

हे सांगताना आवाज चिरकला माझा.
थांबले. घोटभर पाणी.
पडद्यानं तेवढ्यात लिहून टाकलं:
संगीत.