सतरा-बारा

टुआटापेरेहून निघालो तेव्हा चार वाजून गेले होते,
जुलैतला उजेड आवराआवर करत होता.
बसमध्ये ओल्या मोज्यांचा वास, चिखल, संत्र्यांची सालं,
आणि हरल्यावर मुली करतात तो दंगा,
जिंकल्यावर करतात त्याहून मोठा.

रिपेका पुढच्या सीटवर येऊन बसली.
ही कधी पुढे बसत नाही.
"ॲलिस्टर, आपण जिंकलो का?"
"नाही गं. सतरा-बारा. हरलो."
"अस्सं," म्हणाली.
पूल आला, गेला.
"ॲलिस्टर, आपण जिंकलो का?"

वाटलं, चेष्टा करतेय.
समोरून दुधाचा टँकर, कुंपणाला टेकलेल्या मेंढ्या.
तिसऱ्यांदा तेच, त्याच सुरात,
जणू प्रश्न आत्ताच दुकानातून आणलाय,
किमतीची चिठ्ठीही निघालेली नाही.

माझा हात गिअरवर होता, तिथेच राहिला.

आमच्या युअनचं असंच.
एकोणऐंशी साल, विंटनचं मैदान,
कुणाचा तरी गुडघा कानशिलात बसला.
"काय रे, काजवे चमकले का?" कोच म्हणाले.
सगळे हसले. मी जरा जास्तच.
ओला स्पंज मानेवर पिळला, की पुन्हा आत.
शुद्ध हरपली नव्हती ना? मग झालं तर.
उभा आहे म्हणजे बरा आहे,
एवढंच होतं आमचं वैद्यक.
वीस मिनिटांनी दुसरा फटका.

तो आहे अजून.
दूध काढायच्या यंत्राची घरघर सोसेना म्हणून गोठा सोडला,
भर दुपारी पडदे ओढून बसतो,
खोलीत येतो आणि विचारतो, मी कशाला आलो होतो?
काजवे म्हणे.
काजवे निदान विझतात.

आरशात पाहिलं: समोरून गाडी आली की ती डोळे घट्ट मिटते.
"डोकं दुखतंय?"
"थोडंसं." मग हळूच,
"डेनीसना सांगू नका. शनिवारी गोरशी मॅच आहे."
शनिवार तिच्या लक्षात होता.
आजचा दिवस नव्हता.

बस कडेला घेतली, तारेच्या कुंपणाला लागून.
डेनीस मागून पुढे आली, ऐकलं, हातातली वही मिटली.
"पण ती लगेच उठली होती. अंगठा दाखवला मला."
"अंगठा युअननंही दाखवला होता," मी म्हटलं,
आणि तेवढ्यात मागून नायओ, सगळ्यात धाकटी,
रडत रडत बोलली:
हाफटाइमला रिपेका ओकली होती,
आम्हीच बुटांनी वर माती लोटली,
कुणाला दिसू नये म्हणून.

कोणी काही बोललं नाही.
मैत्रिणीसाठी आणखी काय करायचं असतं पंधराव्या वर्षी?

फाट्यावर डावीकडे घर,
मी उजवीकडे वळवली, इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलकडे.
"आणि पिझ्झा?" एकीनं विचारलं, दुसरीनं तिला चापटी मारली.
डेनीस रिपेकाशेजारी बसून राहिली,
दर पाच मिनिटांनी तिला तिचं नाव विचारत.
मी खड्डे चुकवत होतो.
आयुष्यात इतकी हळू बस चालवली नाही.
तरी एक खड्डा चुकला,
आणि ती कण्हली, ते अजून माझ्या कानात आहे.

पाच आठवडे शाळा अर्धी, मैदान नाही, मोबाईल बेताचा.
गोरशी आम्ही हरलो. दणकून.
डेनीसला दोन पालकांनी फोन करून सुनावलं,
त्यातला एक तिचा सख्खा मेहुणा.

सहाव्या आठवड्यात ती बसमध्ये चढली,
पाण्याच्या बाटल्यांची टोपली कमरेवर,
डॉक्टरांची चिठ्ठी यायची होती, म्हणून खेळणं अजून नाही.
पुढे बसली. टुआटापेरेच्या रस्त्याला लागलो.

"ॲलिस्टर, आपण जिंकलो का?"

मॅच अजून सुरूही झाली नव्हती.
पाय आपोआप ब्रेकवर गेला.
आरशात पाहतो तर बाही तोंडात कोंबून हसतेय.

"सतरा-बारा," मी म्हटलं.
पुढचे चार किलोमीटर
तिच्याशी बोललो नाही.