‘तिसरी पाळी’ची चौथी कॅसेट

माझ्याकडे एक कोरी कॅसेट आहे, साठ मिनिटांची.
वरचं जिलेटीन अजून फोडलेलं नाही.
नवी पेठेतलं दुकान मोबाइल कव्हरवाल्याला दिलं
तेव्हा बाकीचं भंगारात घातलं,
ही खिशात घालून घरी आणली.
ही त्यांची.

‘तिसरी पाळी’ म्हटलं की अजून
साखर पेठेत एखादा म्हातारा मान हलवतो.
तीन कॅसेटी. चौथी येणार, येणार,
आणि गुलबर्ग्याहून परतताना टेम्पोत काहीतरी झालं.
कुणी म्हणतं पैशावरून,
कुणी म्हणतं इनलेवर कुणाचं नाव वर, यावरून.
एवढंच खरं, की अक्कलकोट नाक्यावर
चन्नवीर गिटार घेऊन उतरला
आणि चालत घरी गेला.
मिलचा भोंगाही झाला नव्हता.

आता अंबादास येमूल लॅमिनेशन करतो,
आख्ख्या सोलापूरच्या आधार कार्डांना गरम इस्त्री.
युसूफ नल्लामंदूचा ड्रमसेट कुणाच्या तरी गच्चीवर,
त्यात कोथिंबीर लावलीय म्हणतात. मी पाहिलेली नाही.
सुशीला म्याकल विड्या वळते.
चन्नवीर हळकुडे तिच्याच गल्लीत, समोरच्या दारात.
तीस वर्षं बोलणं नाही.
शेंगाचटणी दोघंही एकाच दुकानातून नेतात,
वेगवेगळ्या वेळी.

तर रात्री जेवण झालं की मी ही कॅसेट भरतो.
मनातच. मशीन कुठाय आता.

ए बाजू. पहिलं गाणं तेलुगूत सुरू होतं
आणि कडव्यात कधी मराठी झालं कळत नाही,
अशोक चौकातल्या भांडणासारखं.
दुसरं युसूफचं. युसूफ कधी गायला नाही,
पण चौथ्या कॅसेटीत माणसानं गावं.
आवाज फाटतो. फाटू दे. तोच टेक मी ठेवला.
तिसऱ्यात चन्नवीरचा सोलो, फार लांबतो,
सुशीला मध्येच खोकते,
तो थांबत नाही, पण आवाज जरा खाली घेतो.
याहून मोठी माफी मला त्याच्याकडून वाजवून घेता आली नाही.
तीनदा प्रयत्न केला.

एक सांगायचं राहिलं.
तिन्ही कॅसेटी त्यांनी भरल्या त्या गाजूलच्या कारखान्यावरच्या खोलीत.
खाली बारा यंत्रमाग.
खिडक्यांत चादरी कोंबल्या, दाराला गादी लावली,
तरी खटक-खटक आत आलंच.
पुण्याची गिऱ्हाइकं विचारायची,
मागे कोण वाजवतो हो, काय पक्का हात!
युसूफ नुसता हसायचा.
ताल खालून यायचा, हा त्यावर बसायचा,
चालत्या सायकलीच्या कॅरिअरवर उडी मारून बसावं तसा.

माग गेले. खाली आता कार्यालयाच्या खुर्च्या ठेवतात.
म्हणून बी बाजू अडते.
रोज इथंच अडते.
चौघं बसलेत, केसांना मेंदी,
अंबादासनं सा दाबून ठेवलाय, बोट पांढरं पडलंय,
आणि युसूफ काठ्या वर धरून
खालच्या आवाजाची वाट बघतोय.
कुणीतरी ‘धर की बे’ म्हणायला हवं.
चन्नवीर म्हणणार नाही. सुशीला तर नाहीच.
मी म्हटलं असतं, पण मी दुकानदार.

काल कॅसेट घेऊन त्या गल्लीत गेलो.
सुशीला उंबऱ्यात, मांडीवर सूप,
पत्रा ठेवून पानं कापत होती. कात्री एका लयीत.
म्हणाली, ‘काय ओ, इकडं कुठं?’
मी म्हटलं, असंच.
समोर चन्नवीर पेपर उघडून बसला होता, तोंड दिसत नव्हतं.
पेपरखाली त्याची चप्पल हलत होती,
कात्रीच्या किंचित मागे.

मग कुणीतरी पाण्याची मोटार सुरू केली.

घरी आलो. जिलेटीन फोडलं नाही.
नखानं एक कोपरा उचलला फक्त.