झडती

पाच रेघा. मी मोजून घेते, सवयीनं.
एकतीस वर्षं जेलरोडच्या प्रेसमध्ये
करकरीत नोटांच्या शीटवर एवढंच तर केलं :
कुठे रेघ तुटली, कुठे शाई पसरली,
कुठल्या आकड्याचं पोट भरलं नाही.

आता शरणपूर रोडला, एस्तेरबाई भालेरावांच्या पुढच्या खोलीत
रिकाम्या पोटाची नोट दिसते
आणि बोट आपसूक म्हणतं, रद्द.
"अहो, ती रिकामीच असते," बाई म्हणतात,
"दोन मात्रा थांबायचं तिच्यावर. काळी असली की एक."

माझ्या आधीचा तास नोएलचा. वय आठ.
त्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत,
माझी नजर खालच्या ओळीपर्यंत.

लहानपणी पेटीवर सा फिरस्ता होता.
काळी दोन, पांढरी चार, गळा म्हणेल तिथे बिऱ्हाड.
हा मधला सी मात्र पत्ता सोडत नाही.
पाच रेघांच्या खाली
स्वतःपुरती आखूड रेघ घेऊन पायरीवर बसलेला,
ना वरच्या घरात, ना खालच्या.
पहिला ओळखला तो त्यालाच.
बाकीच्यांकडे अजून त्याच्यापासून बोटानं मोजत जाते,
उत्तमनगरात भाचीचं घर शोधावं तशी :
मारुतीपासून तिसरं फाटक.

एकाच नंबरच्या दोन नोटा सापडल्या
तर आमच्याकडे अख्खी पाळी थांबायची.
इथे तीच सगळ्यात खालची रेघ
उजव्या हाताला ई, डाव्याला जी,
आणि बाई शांतपणे चहा ओततात.

रेघेवर ठेवलेल्या विटेसारखी एक खूण आहे.
तिथे वाजवायचं नाही. मोजायचं मात्र.
हे मला पहिल्या दिवशीच जमलं.
कसं, ते बाईंनी विचारलं नाही.

पाळी सुटली की फाटकावर झडती व्हायची.
डबा उघडा, पदर झटका, मूठ दाखवा.
एकतीस वर्षं रिकामी मूठ दाखवून घरी आले.

आज चार मापं सलग, न अडखळता.
बाईंनी नुसता चष्मा पुसला.

द्वारकेला बस तुंबली, तेव्हा पर्सवर बोटं चालू होती,
सी, डी, ई, पुन्हा डी.
शेजारणीनं विचारलं, टायपिंगचा क्लास का?
हो म्हणाले.
मूठ मिटून घेतली.
बिटको चौकापर्यंत
कोणी उघडायला सांगितली नाही.