समासातले शेरे

शुक्रवारी संध्याकाळी सीबीएसवरून चालत जाते
कोर्टासमोर, इद्रिसच्या झेरॉक्सपाशी.
काय हवं ते तो विचारत नाही.
आठवड्याचे निकाल काढून ठेवतो, हायकोर्टाचे,
फक्त नाशिकहून वर गेलेले,
पाठपोट, रुपयाला पान,
आणि पिन मारताना दर वेळी म्हणतो,
"मॅडम, रिटायर झालात ना तुम्ही?"

झाले. एकतीस वर्षं टाइप करून.
न्यायाधीश बोलत, मी उतरवत असे.
तीन-तीन वर्षांनी त्यांची बदली होई,
माझी फक्त खुर्ची बदलली,
तीही एकदाच, वेत तुटला म्हणून.

आता वाचते.
मुलगा सातपूरहून सेकंड शिफ्ट संपवून येईपर्यंत,
हातात पेन्सिल.
अपील मंजूर. अपील फेटाळले.
अपील अंशतः मंजूर, म्हणजे पेढे कोणाच्याच घरी नाहीत.
खर्चाबाबत हुकूम नाही.
हे वाक्य मला फार आवडतं.
बावीस वर्षांच्या एसटीच्या तिकिटांना
इतक्या सभ्यपणे कोणी नाही म्हटलेलं नाही.

समासात शेरे लिहिते, लघुलिपीत,
बारीक रेघ, ठळक रेघ, वर टिंब.
ती वाचणारं आता कोणी उरलं नाही,
म्हणून बेधडक.
'मुद्दा बरोबर, भाषा उद्धट.'
'इथे वकील झोपला होता.'
'वारस ३-अ ते ३-ऊ. यातली ३-इ माझ्यासमोर रडली होती,
तेव्हा ती वारस नव्हती, नुसती सून होती.'
'साहेब, तुमचंच खरं.
आमचे साहेब त्या दिवशी तापाने फणफणलेले.'

गेल्या शुक्रवारी मखमलाबादचं प्रकरण आलं.
विहिरीवर जायची वाट.
साक्ष उतरवली तेव्हा मुलगा पोटात होता,
आता त्याच्या कानशिलावर पांढरे आहेत.
निकाल चौदा पानी, नीटनेटका.
नवव्या पानावर माझंच वाक्य भेटलं,
इंग्रजी कपडे घातलेलं, अवतरणात :
'साक्षीदार हाताने दाखवते.'
आणि त्याखाली,
वाट कोणत्या बाजूने, याचं रेकॉर्डवर उत्तर नाही.
सबब खालच्या कोर्टाचा निष्कर्ष निराधार.
अपील मंजूर.

ठकूबाई काकड.
चपला बाहेर काढून पिंजऱ्यात उभी राहिली होती.
वकिलाने विचारलं, वाट कुठून?
तिने सगळं कोर्ट उचलून आपल्या मळ्यात नेलं.
बेलिफ उभा होता तिथे चिंच,
साहेबांचं टेबल म्हणजे बांध,
आणि मग हात केला
गंगेकडच्या खिडकीकडे,
इतका लांब की बाही उसवल्याचा आवाज आला.
साहेब म्हणाले, लिहा, साक्षीदार हाताने दाखवते.
लिहिलं.
साहेब म्हणाले, पुढे.

एक शब्द विचारायचा होता.
स्टेनो विचारत नाही.

वरच्या कोर्टाचं चुकलं असं म्हणवत नाही.
कागदावर असेल तेवढंच वर जातं,
हात खालीच राहतो.
मी तिथे बसले असते तर हेच लिहिलं असतं,
फक्त नवव्या पानावर जरा वेळ थांबले असते.

पेन्सिलीला टोक केलं.
या वेळी लघुलिपी नको वाटली.
समासात, बाळबोध अक्षरात,
शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असं लिहिलं :
उत्तर.

तारीख घातली, सही केली,
हुद्दा लिहायला गेले आणि खोडला.

सोमवारी इद्रिसला म्हटलं, याची एक प्रत काढ.
कोणासाठी, म्हणाला.
मी विचारलं,
मखमलाबादची बस साडेपाचलाच लागते ना अजून?