सपराला धूर

शाकारलं तेव्हा पिवळंजर्द होतं.
कुसळी गवताचा आणि ताज्या तासलेल्या
बाभळीच्या मेढींचा वास रस्त्यापर्यंत.
पुढच्या वर्षी राखेच्या रंगाचं झालं.
तिसऱ्या वर्षी मावळतीचं पाखं बसलं,
झड तिकडूनच येते.
उगवतीचं मात्र कडक,
एकाच दिवशी शाकारलेलं असून.

सटवाजी आला कळमनुरीहून,
कमरेला विळा, खांद्यावर अंबाडीच्या दोरीचं वेटोळं.
शिडी नाही मागितली. आधी वळचणीत काडी खुपसली,
किती शिरली ते बोटांनी मोजलं.
मग थर उचलत गेला.
वरचा उन्हानं करडा, मुठीत चुरा होणारा.
खालचा काळा, ओला,
पांढऱ्या बुरशीनं दोरे घालून शिवलेला,
त्यात एक गोम, आणि चिमणीनं सांडलेल्या
ज्वारीचं एक हिरवं पातं.
त्याखाली तुराट्या. साल शाबूत,
मोडली की आत नुसती वाळवीची माती.

"अन् हे बघा."
चुलीच्या वरचा चार हात तुकडा,
काजळीनं तुळतुळीत.
दोरीची गाठसुद्धा सुटेना.
"सोळा वर्सं झाली. माझ्याच हातची गाठ हाय."

केवळाबाईनं वर पाहिलं.
गॅस येऊन तिसरं वर्ष,
चुलीवर आता टोपली, टोपलीत कांदे.
"धूर थांबला की किडा वर चढतो.
सपार नुसत्या पावसानं सडत नाय."
ती बोलली नाही.
तीस वर्षं तिनं धुराला शिव्या दिल्या होत्या,
फुंकणी आपटून.

सडलेलं दोन गाड्या निघालं,
हळदीच्या रानात पसरलं.
नवं गवत कुठलं मिळायला?
माळ नांगरले गेले, कुसळी गेली.
निम्म्यात उसाचं पाचट घातलं.
"पाचट दोन वर्सं," सटवाजी म्हणाला,
आणि पैसेही तेवढेच घेतले.

आता दर बाजाराच्या दिवशी, दिवस कलला की
ती कांदे बाजूला ठेवते,
दोन गोवऱ्या, वर लिंबाचा ओला पाला,
दार ओढून ओट्यावर बसते.
चुलीवर काही नाही.
बाहेर असूनही पदर डोळ्यांना लावते.
धूर पाचटातून झिरपतो, जागोजाग,
आणि शेजारची पोरगी किंचाळते,
"मावशे, सपार पेटलं!"

"पेटलं नाय गं," ती म्हणते,
"जेवायलंय."